बाकीची वीज कोठे गेली?

(तालुका शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांसमोर केलेले भाषण)



आजच्या परिषदेत विज्ञानाच्या एखाद्या विषयावर मी बोलावे अशी सूचना आली, तेव्हा दूरच्या ग्रहताऱ्यांकडे न जाता आपल्या बहुतेक शाळांच्या वाटेवर दोन खांबांवर उभ्या असलेल्या लोखंडी पेटीविषयीच बोलावे असे मी ठरविले. गावात तिला डीपी म्हणतात. इंग्रजीत ती ट्रान्सफॉर्मर, आणि वीज कंपनीच्या कागदांत रोहित्र. मुले रोज तिच्याखालून जातात, तिची घरघर ऐकतात, आणि कधी ना कधी तिच्याविषयी प्रश्न विचारतात. प्राथमिक शाळेच्या पाठ्यक्रमात रोहित्राला फारशी जागा नाही हे खरे. परंतु मुलांचे प्रश्न पाठ्यक्रम पाहून येत नाहीत.

मला हा प्रश्न सुमारे तीस वर्षांपूर्वी आला. मी नवा शिक्षक होतो. सातवीच्या वर्गात विजेविषयी सांगताना मी फळ्यावर लिहिले की, गावाबाहेरून येणाऱ्या तारांत ११,००० व्होल्टचा दाब असतो आणि डीपीतून घरात येतो तो २३० व्होल्टचा. मागच्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “गुरुजी, मग बाकीची वीज कुठं गेली?” मी क्षणभर थांबलो आणि ठाम स्वरात उत्तर दिले, “ती त्या पेटीतल्या तेलात जिरते.” मुलगी खाली बसली. वर्गाचे समाधान झाले. माझेही झाले असावे, कारण पुढे दोन वर्षे मी ते उत्तर आणखी दोन वर्गांना दिले. ते साफ चुकीचे होते. ते चुकीचे का, हे समजण्यासाठी मला रोहित्राचा इतिहास वाचावा लागला. आणि तो वाचल्यावर ध्यानात आले की त्या मुलीचा प्रश्न हाच या यंत्राचा गाभा होय.

इतिहासाचा आरंभ लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये २९ ऑगस्ट १८३१ रोजी झाला. मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा. शिक्षण बेताचे, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत असता बांधावयास आलेली पुस्तके वाचून विज्ञानाकडे वळलेला. विजेपासून चुंबकत्व निर्माण होते हे १८२० पासून माहीत झाले होते. चुंबकत्वापासून वीज मिळते काय, याचा तो शोध घेत होता. त्याने मऊ लोखंडाची सहा इंच व्यासाची एक जाड कडी घेतली. तिच्या एका अर्ध्या भागावर तांब्याच्या तारेचे एक वेटोळे गुंडाळले आणि दुसऱ्या अर्ध्या भागावर दुसरे. दोन्ही वेटोळ्यांची तार एकमेकींस लागत नव्हती. मध्ये सुती कापड आणि दोरा होता. पहिल्या वेटोळ्यास विद्युत्घट जोडावयाचा आणि दुसऱ्याची टोके चुंबकसूचीवरून नेलेल्या तारेस जोडावयाची, अशी ती मांडणी होती.

घट जोडताच सूची हलली, डोलली आणि पुन्हा मूळच्या जागी स्थिर झाली. घट जोडलेलाच होता, पहिल्या वेटोळ्यातून प्रवाह वाहतच होता, तरी सूची स्थिर. घट काढताच ती पुन्हा हलली, या वेळी उलट दिशेस. प्रवाह चालू असताना काही नाही. तो सुरू होताना आणि बंद होताना मात्र दुसऱ्या वेटोळ्यात क्षणभर वीज. म्हणजे चुंबकत्व असून भागत नाही, ते बदलत असावे लागते. रोहित्राचे सारे शास्त्र या एका वाक्यात आहे.

येथे शिक्षकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. फॅरडेची चुंबकसूची कडीपासून सुमारे तीन फूट दूर होती. हा तपशील किरकोळ वाटतो, पण मी हा प्रयोग वर्गात प्रथम केला तेव्हा होकायंत्र लोखंडाशेजारीच ठेवले होते. घट जोडताच सूची वळली आणि वळलेलीच राहिली! दुसऱ्या वेटोळ्यात वीज एकसारखी वाहते, असे मी मुलांना सांगून मोकळा झालो. वस्तुतः शेजारचे लोखंड चुंबक बनले होते आणि सूचीला तेच ओढून धरीत होते. दुसऱ्या वेटोळ्याचा त्याच्याशी संबंध नव्हता. प्रयोग यशस्वी दिसला म्हणजे तो बरोबर झाला असे नव्हे, हे मला त्या दिवशी कळले नाही. पुष्कळ नंतर कळले.

त्याच सुमारास अमेरिकेत ऑल्बनी येथील शाळेत जोसेफ हेन्री नावाचा शिक्षक हेच शोधीत होता. त्याचा दिवस गणित व पदार्थविज्ञान शिकविण्यात जाई. प्रयोगास उसंत मिळे ती मुख्यतः उन्हाळ्याच्या सुटीत. त्यालाही हे प्रवर्तन आढळले, परंतु प्रसिद्धी फॅरडेने आधी दिली. सुट्यांची वाट पाहणाऱ्या शिक्षकाची अडचण या सभेला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पुढे प्रवर्तनाच्या एककास हेन्रीचे नाव देण्यात आले.

तिसराही शिक्षकच. आयर्लंडमध्ये मेनूथच्या महाविद्यालयात शिकविणारा धर्मगुरू निकोलस कॅलन याने १८३६ मध्ये लोखंडावर एक जाड तारेचे, थोड्या वेढ्यांचे आणि एक बारीक तारेचे, पुष्कळ वेढ्यांचे अशी दोन वेटोळी गुंडाळली. बदल झाल्याखेरीज वीज नाही. म्हणून त्याने घड्याळाच्या यंत्रणेने घटाचा प्रवाह एका सेकंदात अनेक वेळा तोडण्याची व जोडण्याची सोय केली. दुसऱ्या वेटोळ्यात प्रचंड दाब निर्माण होऊ लागला. दाब मोजण्याचे साधन हाताशी नसल्यामुळे कॅलन विद्यार्थ्यांना झटका देऊन त्याचे बळ अजमावीत असे, असे सांगतात. ही अध्यापनपद्धती आपण उचलू नये.

वेढ्यांच्या प्रमाणात दाब बदलतो, हे अशा रीतीने हाती आले होते. दुय्यम वेटोळ्याचे वेढे दहापट केले तर दाब दहापट, दशांश केले तर दशांश. तरीही पुढची चाळीसएक वर्षे हे साधन प्रयोगशाळेत ठिणग्या पाडण्यास, डॉक्टरांच्या कामी आणि करमणुकीस लागले. याचे कारण सरळ आहे. दाब बदलण्याची गरजच कोणाला नव्हती. वीज जेथे निर्माण होई तेथेच खर्च होई.

गरज उत्पन्न झाली ती दिवे घरोघर नेण्याची वेळ आली तेव्हा. ४ सप्टेंबर १८८२ रोजी एडिसनने न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट येथे आपले वीज केंद्र सुरू केले. दाब ११० व्होल्ट, प्रवाह दिष्ट, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा. दिवे उत्तम लागले. पण केंद्रापासून सुमारे मैलाच्या पलीकडे वीज नेणे परवडेना. का परवडेना, हा हिशेब पाचवी-सहावीचा मुलगाही करू शकतो, आणि तो फळ्यावर करून दाखवावा अशी माझी विनंती आहे.

विजेची शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह. समजा गावाला २२,००० वॅट शक्ती पाहिजे. ती २२० व्होल्टने पाठविली तर प्रवाह १०० अँपिअर लागेल. ११,००० व्होल्टने पाठविली तर केवळ २ अँपिअर. आता तारेचा रोध एक ओहम धरा. तारेत उष्णता होऊन वाया जाणारी शक्ती ही प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणून येते. शंभराचा वर्ग दहा हजार. म्हणजे पाठविलेल्या २२,००० वॅटपैकी १०,००० वॅट वाटेतच गेले आणि गावात २२० ऐवजी १२० व्होल्ट पोहोचले. दोनाचा वर्ग चार; दुसऱ्या प्रकारात नुकसान चार वॅटचे! तार तीच, शक्ती तीच. एका बाजूस दहा हजार आणि दुसऱ्या बाजूस चार.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. ११,००० व्होल्टचे २२० झाले, तेव्हा २ अँपिअरचे १०० झाले. जेवढा दाब उतरला तेवढा प्रवाह चढला. बाकीची वीज कोठेच गेली नाही; शंभराच्या एका नोटेची सुटी नाणी करून घ्यावीत तसे झाले. थोडी शक्ती लोखंड व तारा तापण्यात खर्च होते खरी, पण ती अल्प. चांगल्या रोहित्रात शंभरातील दोन-तीन भाग, मोठ्या रोहित्रात त्याहूनही कमी. तेल असते ते ही उष्णता बाहेर नेण्यासाठी आणि वेटोळी परस्परांपासून विलग ठेवण्यासाठी. वीज जिरविण्यासाठी नव्हे.

तेव्हा दूर नेताना दाब चढवावा आणि घराशी उतरवावा, हे उघड झाले. पण दिष्ट प्रवाह बदलत नाही, म्हणून रोहित्रात तो निरुपयोगी. ज्या प्रवाहाची दिशा आपणहून पुनःपुन्हा उलटते, तो प्रत्यावर्ती प्रवाह पाहिजे. त्या काळी त्याचा उपयोग काही प्रज्योत दिव्यांखेरीज फारसा नव्हता. त्याला मोठ्या कामाला जुंपण्याचे धाडस केले ते लुसियें गोलार या फ्रेंच तंत्रज्ञाने आणि जॉन डिक्सन गिब्स या त्याच्या इंग्रज भागीदाराने. १८८२ मध्ये त्यांनी पेटंट घेतले, १८८३ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात साधन दाखविले, आणि १८८४ मध्ये इटलीतील तुरिनच्या प्रदर्शनात तेथून लान्त्सोपर्यंत, सुमारे चाळीस किलोमीटर अंतरावर, २,००० व्होल्टने वीज नेऊन दिवे लावून दाखविले. इटालियन सरकारने त्याबद्दल गोलारला दहा हजार लिरांचे पारितोषिक दिले.

गोलारच्या योजनेत दोन उणिवा होत्या. त्याचा लोखंडी गाभा सरळ कांडीसारखा, दोन्ही टोकांना उघडा होता. फॅरडेची कडी तो विसरला म्हणा ना! आणि त्याने सर्व साधनांची प्राथमिक वेटोळी एकामागे एक, माळेत ओवावी तशी जोडली होती. दिवाळीच्या जुन्या माळेतील एक दिवा गेला की सारी माळ विझे, हे आपण पाहिले आहे. गोलारच्या मंडळात अगदी तसे होत नसे, पण एका घरी दिवे मालवले की दुसऱ्या घरचा दाब हले, आणि तो सावरण्यासाठी गाभा हाताने आतबाहेर सरकवावा लागे.

बुडापेस्ट येथील गांझ कारखान्यातील तीन अभियंत्यांनी या दोन्ही उणिवा दूर केल्या. कारोय झिपेर्नोव्स्की, ओट्टो ब्लाथी आणि मिक्शा देरी ही त्यांची नावे. त्यांनी १८८५ मध्ये गाभा पूर्ण बंद केला, म्हणजे चुंबकत्वाला लोखंडातूनच फेरी पूर्ण करता येऊ लागली. आणि वेटोळी समांतर जोडली, म्हणजे प्रत्येक घर स्वतंत्र झाले. त्याच वर्षी बुडापेस्टच्या राष्ट्रीय प्रदर्शनात त्यांनी हजाराहून अधिक दिवे लावले. ‘ट्रान्सफॉर्मर’ हे नाव प्रचारात आले ते ब्लाथीमुळे. आपल्या घरांत तबकडी फिरणारे जे वीजमीटर होते, त्या जातीचे मीटरही याच ब्लाथीने १८८९ मध्ये केले. बिल हाती पडल्यावर त्याची आठवण करण्यास हरकत नाही.

अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस या उद्योगपतीने गोलार-गिब्स यांची साधने मागविली आणि विल्यम स्टॅन्ली या अभियंत्याकडे सोपविली. प्रकृती बरी नसल्याने स्टॅन्ली शहर सोडून ग्रेट बॅरिंग्टन या डोंगराळ भागातील लहानशा गावी राहावयास गेला होता. तेथील एका जुन्या कारखान्यात त्याने वाफेचे इंजिन व जनित्र बसविले आणि मार्च १८८६ मध्ये गावच्या रस्त्यालगत ५०० व्होल्टच्या तारा झाडांवरून नेऊन, दुकानांच्या तळघरांत रोहित्रे ठेवून, १०० व्होल्टचे दिवे लावले. त्याची खरी कामगिरी मात्र कारागिरीची आहे. लोखंडाच्या पातळ पत्र्यांचे ठराविक आकाराचे तुकडे कापून, आधी गुंडाळून ठेवलेल्या वेटोळ्यांत ते एकेक बसवावयाचे, अशी युक्ती त्याने काढली. त्यामुळे बंद गाभ्यावर तार हाताने ओवीत बसण्याची कटकट गेली आणि रोहित्र कारखान्यात झपाट्याने तयार होऊ लागले. पातळ पत्र्यांचा दुसराही लाभ असा की, अखंड लोखंडात गोल फिरणारे जे प्रवाह उत्पन्न होऊन ते तापते, त्यांना आळा बसतो.

यानंतर एडिसनचा पक्ष आणि वेस्टिंगहाउसचा पक्ष यांत जो झगडा झाला, त्याचे वर्णन मुलांना रंजक वाटते, पण ते मला फारसे शोभादायक वाटत नाही. प्रत्यावर्ती प्रवाह घातक आहे हे पटविण्यासाठी १८८८ मध्ये लोकांसमोर कुत्री मारण्यात आली. १८९० मध्ये न्यूयॉर्क राज्यात त्याच प्रवाहाने एका कैद्यास देहांताची शिक्षा देण्यात आली. एडिसनच्या म्हणण्यात सत्य नव्हते असे नाही. उच्च दाब खरोखरच प्राणघातक असतो. परंतु दिष्ट प्रवाहही प्राण घेतो, हे त्या प्रचारात सोयीस्करपणे बाजूला राहिले. वाद मिटला तो वादाने नव्हे. १८९१ मध्ये जर्मनीत नेकार नदीकाठच्या लाउफेनहून १७५ किलोमीटर दूर फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनापर्यंत सुमारे १५,००० व्होल्टने वीज आणली गेली आणि पाठविलेल्या शक्तीपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश शक्ती पलीकडे मिळाली. तिने प्रदर्शनातील सुमारे हजार दिवे लागले आणि पंपाने पाणी चढवून केलेला एक कृत्रिम धबधबाही चालला. पुढे १८९६ मध्ये नायगाराची वीज बफेलो शहरात पोहोचली.

आपल्याकडे म्हैसूर संस्थानात शिवसमुद्रमची वीज १९०२ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे नेण्यात आली. महाराष्ट्रात जमशेटजी टाटांच्या मनातील योजना त्यांच्या पश्चात, १९१५ मध्ये, खोपोली येथे प्रत्यक्षात उतरली. लोणावळ्याच्या बाजूचे पाणी घाटाखाली सोडून तेथे वीज निर्माण झाली आणि सुमारे एक लक्ष व्होल्ट दाबाने मुंबईच्या कापड गिरण्यांना मिळाली. खोपोलीचे पाणी, गिरणीतील चाते आणि मध्ये दोन टोकांस दोन रोहित्रे; फॅरडेच्या कडीपासून येथवर चौऱ्याऐंशी वर्षे लागली.

आणि गोलार? त्याच्या इंग्लंडमधील पेटंटला प्रतिस्पर्ध्यांनी आव्हान दिले आणि १८८८ मध्ये ते रद्द झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात पॅरिसच्या मनोरुग्णालयात, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, तो मरण पावला. त्याची रचना सदोष होती. पण बुडापेस्टच्या आणि अमेरिकेच्या मंडळींनी जे सुधारले ते त्याचेच होते. अमक्याने अमुक शोध लावला अशी एकेरी उत्तरे आपण मुलांकडून पाठ करून घेतो. रोहित्राच्या बाबतीत तसा प्रश्न परीक्षेत विचारूच नये असे माझे मत आहे, कारण त्याला एका नावाचे खरे उत्तर नाही.

आता पुन्हा आपल्या गावच्या डीपीखाली येऊ. ती घरघर कशाची, हे मुले हमखास विचारतात. आत फिरणारा एकही भाग नाही. आपल्या विजेची सेकंदास पन्नास आवर्तने होतात. प्रत्येक आवर्तनात लोखंड दोनदा चुंबकित होते आणि प्रत्येक वेळी किंचित ताणते-आकसते. सेकंदास शंभर वेळा होणारे हे कंपन म्हणजे ती घरघर.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. रोहित्राला आपली कोणती बाजू चढाची आणि कोणती उताराची हे ठाऊक नसते. ११,००० चे २३० जसे होतात, तसेच २३० चे दहा हजारांच्या आसपास होऊ शकतात. गावात वीज गेली म्हणून कोणी घरचे किंवा मंडपाचे जनित्र मुख्य स्विच न तोडता तसेच घराच्या तारांत जोडले, तर ती वीज उलट्या वाटेने डीपीत जाऊन वरच्या तारांत प्राणघातक दाब उभा करू शकते. त्या वेळी लाइन बंद आहे अशा समजुतीने वायरमन खांबावर चढलेला असतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात भाड्याचे जनित्र आपणही आणतो. ते जोडणाऱ्याकडे चेंजओव्हर स्विच आहे की नाही, हे मुख्याध्यापकांनी स्वतः पाहावे. आकडे टाकणे, डीपीतील फ्यूज काठीने बसविणे, पेटीखाली शेळ्या बांधणे, यांविषयी मुलांशी बोलताना “हात लावू नका” एवढेच न सांगता त्या पेटीत काय चालते ते सांगावे. कारण कळलेले मूल घरी जाऊन वडिलांनाही ते सांगते, असा माझा अनुभव आहे.

प्रयोगाचे साहित्य समोरच्या टेबलावर मांडले आहे. रोगण दिलेली तांब्याची तार मोटारींचे रिवाइंडिंग करणाऱ्याकडे मिळते. खिळ्यांची जुडी बांधून तिच्यावर दीडदोनशे वेढ्यांची दोन वेटोळी गुंडाळावीत. टोकांवरील रोगण खरवडून काढावे. बहुतेकांचा प्रयोग येथेच फसतो. दुसऱ्या वेटोळ्याची टोके होकायंत्राभोवती गुंडाळलेल्या पन्नास वेढ्यांच्या तारेस जोडावीत आणि ते होकायंत्र जुडीपासून तीन फूट दूर ठेवावे. पहिल्या वेटोळ्यास टॉर्चचे दोन सेल क्षणभरच लावावेत, नाही तर तार तापते आणि सेल संपतात. सेल काढताना तारेची उघडी टोके बोटांत धरू नयेत, बारीक झटका बसतो. भिंतीवरील प्लगचा या प्रयोगाशी कोणत्याही कारणाने संबंध येऊ देऊ नये. चहानंतर सहा-सहांच्या गटाने यावे. होकायंत्रे दोनच आहेत.